सभा नळावर चालू आहे

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिण्याचा मान, तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निरोपाचा नारळ घेतलेल्या माणसांचा असतो, हे मला माहीत आहे. माझी नोकरी तीन वर्षांची आहे आणि तीही अर्धवेळ. बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, मागच्या वर्षाचा एक पेपर अजून सुटायचा आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापायचं मराठी कसं लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "जे झालं तेच लिव. खोटं लिवलंस त गावान तोंड दाखवाला जागा न्हाय." तेव्हा जे झालं तेच लिहितो. लांबण लागली तर संपादकांनी कात्री लावावी. मला कमी लिहिता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मी कोन गावात राहतो आणि भिवंडीत एका संस्थेच्या, वस्तीतल्या मुलांसाठीच्या केंद्रात काम करतो. केंद्र म्हणजे एक खोली, दोन चटया, एक फळा आणि चौतीस मुलं. भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, त्यामुळे आमच्याकडे कोणीही हळू बोलत नाही. नवा माणूस आला तर त्याला वाटतं भांडण चालू आहे. बहुतेक मुलांचे वडील लूमवर शिफ्टमध्ये काम करतात. बरीच कुटुंबं उत्तरेकडून आलेली, थोडी इथलीच. मुलं मला दादा म्हणतात. संस्थेच्या कागदावर माझं पद 'सुलभक' असं आहे. हा शब्द मी आईला सांगितला तेव्हा तिने विचारलं, "म्हंजे तुला कामावर ठेवलाय का न्हाय?"

आमचं काम शिकवणीचं नाही. अभ्यास घ्यायचा असतो, पण त्याबरोबर मुलांनी आपले निर्णय आपण घ्यायला शिकावं, असं संस्थेचं म्हणणं आहे. म्हणून दर शनिवारी साडेचारला बालसभा. सभेत ठराव मांडायचे, चर्चा करायची, मग मतदान. चिठ्ठ्या लिहिणं सगळ्यांना जमत नाही आणि हात वर करायला सांगितलं तर शेजारच्याचा हात बघून आपला वर जातो. म्हणून आम्ही लूमवरच्या रिकाम्या कांड्या वापरतो. कांडी म्हणजे ज्यावर आडवं सूत गुंडाळतात ती वीतभर नळी. प्रत्येकाला एक कांडी. पडद्यामागे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. ठराव मान्य असेल त्याने कांडी डब्यात टाकायची, नसेल त्याने हातातच ठेवून नंतर परत करायची. मोजणी झाली की सभा संपली. हे नियम मुलांनीच बनवले. मी फक्त फळ्यावर लिहिले.

मला या सभेचा फार अभिमान होता. पहिल्याच महिन्यात मुलांनी खोलीतल्या पालीला बाहेर काढण्याचा ठराव केला आणि तो पालीला वाचून दाखवला. पाल गेली नाही, पण ठराव वहीत आहे. नंतर एक ठराव माझ्यावरच आला. मी प्रत्येक चित्राला, प्रत्येक गणिताला, चुकलेल्या गणितालासुद्धा "खूप छान" म्हणतो, अशी तक्रार होती. एक आठवडा दादाने 'छान' हा शब्द वापरायचा नाही, असं ठरलं. त्या आठवड्यात मला कळलं की या शब्दापलीकडे माझ्याकडे मुलांना सांगण्यासारखं फारच थोडं आहे. एक मुलगी चित्र घेऊन समोर उभी राहिली तेव्हा मी बराच वेळ चित्राकडे बघितलं आणि शेवटी म्हणालो, "ही बकरी आहे." ती म्हणाली, "हां दादा. पहली बार आपने सही देखा."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती चिंतन वही. रोज काम झालं की सुलभकाने तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. आज काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी मी वेगळं काय करीन. ही वही महिन्यातून एकदा आमच्या समन्वयक सुनंदाताई तपासतात. ताई भिवंडीतल्या जुन्या शिक्षक घराण्यातल्या, स्वतः शाळेतून निवृत्त. लाल पेनाने त्या एकच शेरा मारतात: 'आणखी खोलात जा.' मी पहिल्या महिन्यात अर्धं पान लिहीत होतो. शेरा आला म्हणून एक पान लिहू लागलो. पुन्हा तोच शेरा. दीड पान. तोच शेरा. तीन पानांवर गेलो तेव्हा कॉलेजच्या परीक्षेत माझी पुरवणी सगळ्यांच्या आधी लागली, पण ताईंचा शेरा बदलला नाही. कमी लिहिता न येण्याचं कारण ते हे.

आता सानियाबद्दल.

सानिया तेरा वर्षांची. गावाहून आल्यापासून दोन वर्षं तिचं नाव कुठल्याच शाळेत नव्हतं. केंद्रात येऊन ती तयारी करत होती आणि जूनमध्ये तिला सातवीत बसवायचं असं मी, तिने आणि तिच्या आईने ठरवलं होतं. पोरगी हुशार, आणि वस्तीतल्या मुलींची आपोआप पुढारी. ती उठली की सगळ्या उठायच्या.

आणि ती पाच वाजता उठायची. रोज. पाच वाजता मुली दप्तरं टाकून निघून जायच्या आणि सभेचं मतदान नेहमी पाचनंतरच व्हायचं, कारण चर्चा लांबायची. माझ्या चिंतन वहीत त्या वर्षी निदान सहा ठिकाणी हे वाक्य आहे: 'मुली सभेत पुरेसा रस घेत नाहीत. प्रेरणा देणे आवश्यक.' प्रेरणा म्हणून मी भिंतीवर एक तक्ताही लावला.

एकदा मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होतो. हा ठराव सर्वानुमते मंजूर, तो ठराव सर्वानुमते मंजूर. सानियाने हात वर केला.

"दादा, ये सर्वानुमते कौन है?"

"म्हणजे?"

"हर बार वही जीतता है. मैंने तो उसको कभी देखा नहीं."

मुलं हसली, मीही हसलो. मग मी 'सर्वांच्या मते' असा अर्थ समजावून सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "हम लोग तो पाँच बजे नल पे होते हैं. फिर सबका कैसे हुआ?"

वस्तीत पाणी पाचला येतं आणि पाऊण तासाने जातं. पाणी भरणं घरातल्या मोठ्या मुलीचं काम. मी इथे दीड वर्ष काम करत होतो आणि हे मला माहीत होतं, म्हणजे पाणी पाचला येतं हेही माहीत होतं आणि मुली पाचला जातात हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या.

पुढच्या शनिवारी सानियाने ठराव मांडला: केंद्राची वेळ चार ते सहाऐवजी सहा ते आठ करावी. तिच्यासाठी हा ठराव नुसता सोयीचा नव्हता. तिच्या आईने सांगून टाकलं होतं की पाण्याआधी अर्धवट अभ्यास करून पळत यायचं असेल तर केंद्र बंद. पाणी भरून झाल्यावर कितीही वेळ बस. केंद्र बंद म्हणजे जूनची सातवी बंद.

ठरावाला विरोध मुलग्यांचा होता. समोरच्या गोडाऊनचं पटांगण सहाला ट्रक गेल्यावर रिकामं होतं आणि क्रिकेट तेव्हाच असतं. विरोधकांचा म्होरक्या आमचा सभाध्यक्ष धीरज. बारा वर्षांचा, इथल्याच शेतकरी घरातला. आजोबांची दापोड्याला जमीन होती, तिथे आता गोदामं उभी आहेत, आणि जमिनीच्या कागदपत्रांची बोलणी ऐकत मोठा झाल्यामुळे त्याला नियमांचं अतोनात वेड. पण तो सरळ मनाचा. मुलींना मतदान करता यावं म्हणून त्या दिवशी त्यानेच चर्चा लवकर आटोपली आणि पाचला दहा कमी असताना मतदान पुकारलं.

इथे माझी चूक झाली.

मुलं 'वोट' म्हणतात. पण प्रशिक्षणात सुनंदाताईंनी बजावलं होतं की शक्य तिथे मराठी शब्द वापरायचे, वोट नाही, मत म्हणायचं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मत द्या' लिहिलं आणि मग, सगळ्यांना कळावं म्हणून, मोठ्याने हिंदीत सांगितलं: "जिनको टाइम बदलना है, वो मत दो!"

पलीकडे लूमचा खडखडाट. एका मुलाने ओरडून विचारलं, "क्या दादा?"

मी आणखी मोठ्याने ओरडलो, "टाइम बदलना है तो मत दो! मत दो!"

मुली पडद्यामागे जाऊन आल्या आणि हंडे घ्यायला पळाल्या. मोजणी झाली. डब्यात तेरा कांड्या. चौतीस जणांत तेरा. धीरजने ठराव नामंजूर झाल्याचं जाहीर केलं. चार मुलांनी आपापल्या कांड्या परत केल्या. सतरा कांड्या परत आल्याच नाहीत. त्या दिवशीच्या चिंतन वहीत मी साडेतीन पानं लिहिली. त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी देतो: 'मुलींनी पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला पाहिजे.' आणि 'मुलींना वस्तू परत करण्याचं महत्त्व समजावून सांगणे आवश्यक.'

सोमवारपासून सानिया आली नाही. बाकीच्या मुली आल्या, पण माझ्याशी बोलेनात. गणित विचारलं तर उत्तर फळ्याला द्यायच्या.

शुक्रवारी मी तिच्या घरी गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून आत गेली, बाहेर आली आणि माझ्या हातात कांडी ठेवली.

"ये आपका. बाकी सबका भी भेज देती हूँ."

"तू डब्यात का नाही टाकलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा शाळेत गेलो. "आपने ही तो चिल्ला-चिल्ला के बोला. मत दो, मत दो. मैंने तो सब लड़कियों को पर्दे के पीछे बोल के रखा, कोई नहीं देगा. एक ने भी नहीं दिया. फिर भी आपने हरा दिया."

मी तिथे उंबऱ्यावरच बसलो. मत म्हणजे वोट, आणि मत म्हणजे नको. सतरा मुलींनी इतक्या शिस्तीने, इतक्या एकजुटीने मतदान केलं होतं, की त्यात एकही मत पडलं नव्हतं. मी तिला चूक समजावून सांगितली. मला वाटलं ती चिडेल. ती तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की तांदळाचं ताट कलंडलं. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तो अब फिर से कराओ."

"नामंजूर ठराव तीन महिने परत आणता येत नाही. सभेचा नियम आहे."

"तीन महीने में तो जून निकल जाएगा, दादा."

मी सुनंदाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मुलांनाच ठरवू दे. तू मध्ये पडू नकोस." मी म्हटलं, "ताई, मी आधीच मध्ये पडलोय." त्या म्हणाल्या, "मग वहीत लिही."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी चारला केंद्रात गेलो, मुलांसमोर उभा राहिलो आणि झालेलं सगळं सांगितलं. वाटलं होतं मुलं हसतील. पण बसल्या जागी वेगळाच गोंधळ सुरू झाला. कारण डब्यात कांडी टाकलेल्या तेरांपैकी आठ जण उभे राहिले. त्यांना वेळ बदलायला नको होती. 'बदलायची तर देऊ नका' असं ऐकून त्यांनी इमानदारीने दिली होती.

"मंग तेरा त तेरा पन न्हाय," धीरज म्हणाला. तो गंभीर झाला होता. "दादा, पन नियम त नियम हाय. तीन महिने. तुमीच फळ्यावर लिवलाय."

मी सानियाची कांडी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उचलली, उलटसुलट केली.

"ही कोनाची?"

"सानियाची. तिने त्या दिवशी नेलेली."

"ही मोजलेली न्हाय."

"सतरा मोजलेल्या नाहीत."

धीरजने नियमांची वही काढली. बोट ठेवून वाचायला लागला. मग त्याने मान वर केली आणि मला वाटतं, त्याच्या आजोबांनी सातबारा बघतानाही असाच चेहरा केला असेल.

"दादा, नियम चार. सगल्या कांड्या मोजून झाल्या की सभा संपली. सतरा कांड्या डब्यात न्हाय आल्या, हातान पन न्हाय आल्या. मंग मोजनी झाली कधी? मंग सभा संपली कधी?"

"म्हणजे?"

"सभा चालूच हाय. दोन शनिवार झाले. ठराव नामंजूर झालाच न्हाय."

म्हणजे गेला आठवडाभर आम्ही सगळे सभेत होतो. मी कॉलेजला गेलो तोही सभेतून, मुलं घरी जेवली तीही सभेतच. कोणीतरी विचारलं, "मग सभेच्या मध्येच मी पतंग उडवला?" धीरज म्हणाला, "हो, विनापरवानगी."

तेवढ्यात पाच वाजले आणि सवयीने मुली उठल्या. धीरज ओरडला, "थांबा! सभा सोडून कोनी जायचा न्हाय!" मुली थांबल्या नाहीत, पाणी थांबत नाही. मग त्याने डबा उचलला आणि म्हणाला, "चला. सभा न्यायची."

खोलीला कुलूप लावलं. दारावर त्याने खडूने लिहिलं: 'सभा नळावर चालू आहे.'

नळावर काय झालं ते व्यवस्थित सांगणं कठीण आहे. एक नळ, चाळीसेक हंडे, बायका, कॅन, आणि मध्ये बिस्किटांचा डबा घेऊन एक बारा वर्षांचा अध्यक्ष. नूरजहाँचाची म्हणून एक बाई आहेत, त्यांना वाटलं हा डबा रांगेत घुसवायचा नवा प्रकार आहे. "ए, नंबर से आओ! डिब्बा हो या बाल्टी!" मग डबाही रांगेत लागला. त्याच्यापुढे अकरा हंडे. एका आजींनी विचारलं, "किसका चुनाव है?" मुलींनी सांगितलं, टाइमचं. आजी म्हणाल्या, "पानी का टाइम? हमारा भी लिखो, सुबह का करो!" त्यांना हे मतदान नाही, म्हणजे आहे, पण पाण्याचं नाही, हे सांगता सांगता माझी हिंदी संपली.

याच वेळी सुनंदाताई आल्या. महिन्याची तपासणी होती, मी विसरलो होतो. त्यांनी कुलूप बघितलं, खडूचं वाक्य वाचलं आणि नळापर्यंत चालत आल्या. हातात पर्स, इस्त्रीची साडी. त्या काही विचारणार इतक्यात एका मुलीने "ताई, जरा पकड़ो" म्हणून भरलेला हंडा त्यांच्या हातात दिला आणि मत द्यायला गेली. पुढचा सगळा कारभार ताईंनी हंडा धरून बघितला.

धीरज दगडावर उभा राहिला. त्याने मला तोंड उघडू दिलं नाही. "दादा, तुमी बोलू नका." मग मुलांकडे वळून म्हणाला, "जिसको छह बजे आना है, वो कांडी डब्बे में डालो. जिसको नहीं, वो हाथ में रखो. समझ में आया क्या? उलटा बोल के दिखाओ." सगळ्यांनी बोलून दाखवलं. आधी त्या आठ मुलांनी डब्यात हात घालून आपापली कांडी काढून घेतली. मग मुली एकेक करत, एका हाताने हंडा सावरत आल्या. सानिया शेवटी आली. धीरजने तिची कांडी तिला परत दिली. तिने ती माझ्यासमोर धरली.

"दूँ ना, दादा? पक्का?"

"दे," मी म्हणालो.

डब्यात बावीस कांड्या भरल्या. ठराव मंजूर. धीरजने खिशात खोलवर घातलेली स्वतःची, विरोधातली बारावी कांडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली आणि मग सभा संपल्याचं जाहीर केलं. क्रिकेट पहाटे हलवलं गेलं.

त्या दिवशी वहीत मी अर्धंच पान लिहिलं. ताईंचा शेरा पहिल्यांदा बदलला. लाल अक्षरात: 'हंडा जड होता.'

सानिया सहा ते आठ यायला लागली. फक्त सात आठवडे. मग एका सोमवारी तिच्या घराला कुलूप होतं. वडिलांची लूमची शेड बंद पडली, सगळं कुटुंब मालेगावला गेलं, एवढंच शेजारी कळलं. जून तोंडावर आला होता. शाळेसाठी भरलेला तिचा अर्ज माझ्या दप्तरात होता, सही राहिलेला. तिने जाताना निरोप घेतला नाही. पुढच्या सभेत कांड्या मोजल्या तर तेहेतीस. धीरजने नवी कांडी आणायला नकार दिला. म्हणाला, "एक बाहेर हाय. तवापर्यंत तेहेतीसच."

मी बरेच दिवस हिशेब मांडत राहिलो. तो आठवडा वाया गेला नसता, मी 'वोट' म्हणालो असतो, दीड वर्ष आधी 'पाच वाजता कुठे जाता?' असं विचारलं असतं, तर अर्जावर सही झाली असती का? मालेगावला नेता आला असता का तो? वहीच्या तिसऱ्या प्रश्नाखाली, 'पुढच्या वेळी मी वेगळं काय करीन', मी हे बऱ्याचदा लिहायला घेतलं. पुढच्या वेळी सानिया नसणार, म्हणून पुढे लिहिता येत नसे.

असं वर्ष गेलं. हा लेख मी खरं तर वरच्या वाक्यावरच संपवून ठेवला होता. मागच्या आठवड्यात नळाजवळून जाताना नूरजहाँचाचींनी हाक मारली. "ए मत-दो दादा! इधर आ." वस्तीत माझं आता हेच नाव आहे. त्यांच्या फोनवर सानियाच्या आईच्या नंबरावरून आवाजी निरोप आला होता. चाचींनी फोन माझ्या कानाला लावला. मागे लूमचा खडखडाट, तिथलाही तसाच.

"दादा, सलाम. मैं सानिया. मैं सातवीं में हूँ. अर्ज दूसरा भरा, मैंने ही भरा." मग एक दम घेऊन ती भराभर बोलत गेली. वर्गात मॉनिटर निवडायचा होता. मॅडम म्हणाल्या, सब लोग अपना मत दो. सानिया उभी राहिली आणि तिने विचारलं, मॅडम, पहले बताइए, देना है कि नहीं देना है? वर्ग हसला. मॅडमनी तिला बेंचवर उभं केलं. बेंचवर उभं राहिल्यावर तिला अख्खा वर्ग दिसला आणि चार जागा रिकाम्या दिसल्या. मॅडमनी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या तेव्हा ती वरूनच म्हणाली, चार लड़कियाँ पानी भरने गई हैं, अभी शुरू मत करो.

आणि मॅडम थांबल्या.